मदत हवी आहे: काळ्या द्राक्षांची धुरकट-गोड चटणी बिघडली, कुठे चुकलं?

निफाडच्या मामांकडून दर मार्चला सुट्या मण्यांचा क्रेट येतो. काळी शरद सीडलेस, गोडमिट्ट. डौलदार घड एक्स्पोर्टला, मणी भाच्यांना! नाशिकमध्ये या दिवसांत शेजारीसुद्धा द्राक्षं घ्यायला हात पुढे करत नाहीत. म्हणून यंदा सँडविचला लावायची चटणी करायचं डोक्यात घेतलं. जॅम नको होता. गोड, जराशी तिखट आणि मागून धुराचा वास येणारी हवी होती. लेकीच्या डब्यातल्या चीज सँडविचला शोभेल अशी.

दोन किलो मणी, अर्धा किलो साखर, दोन कांदे, आलं, सहा ब्याडगी मिरच्या, मीठ. जाड बुडाच्या पातेल्यात तासभर आटवलं. शेवटी मधोमध वाटी, वाटीत निखारा, वर चमचाभर तूप आणि झाकण. दहा मिनिटांनी उघडलं तर चव कडसर, औषधी. दुसऱ्या दिवशी धुराचा वास गायब, कडूपणा मात्र तसाच. शिवाय गार झाल्यावर घट्ट होईल म्हणून बसले होते, ती चमच्यावरून ओघळतेय. ब्रेडचा लगदा झाला. लेक डबा परत घेऊन आली, "आई, आज शिकरण दिलं होतंस का?"

क्रेट अजून अर्धा शिल्लक आहे. कुणी केलीय का अशी चटणी?

प्रतिसाद:
कोळसा कुठला होता?

मूळ लेखिका:
देवघरातली धुपाची गोल चकती. काडी लावली की तडतडत पेटते ती.

प्रतिसाद:
हात्तिच्या! ती झटकन पेटावी म्हणून तिच्यात सोरा, म्हणजे फटाक्यांच्या दारूत असतो तो क्षार, घातलेला असतो. खाण्याच्या जवळपास नेऊ नका, आणि ती चटणी सरळ टाकून द्या. साधा लाकडी कोळसा आणा, लाल होऊन वर पांढरी राख धरली की मगच घ्या. झाकण तीन-चार मिनिटं पुरे. धूर टिकतो तो तेलातुपात, तुमच्या चटणीत तर तेलाचा थेंब नाही. खरं तर वाटीचा खटाटोपच कशाला? काळ्या मसाल्याला आपण कांदा निखाऱ्यावर भाजतो ना, तसाच भाजा, वाटून दोन चमचे तेलावर परता आणि मग मणी घाला.

दुसरा प्रतिसाद:
घट्टपणाचं मी सांगते. पिकलेल्या द्राक्षांत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट धरणारा फळातला घटक, कमी, पाणीच जास्त. दोन अर्धकच्चे पेरू चिरून पाण्यात मऊ शिजवा, ते पाणी गाळून चटणीत घाला आणि एका लिंबाचा रस. पसरट कढईत आटवा, खोल पातेल्यात वाफ कोंडते. फ्रीजमध्ये बशी गार करून त्यावर थेंब टाका. बोटानं रेघ ओढल्यावर रेघ मिटली नाही तर गॅस बंद. थर्मामीटर असेल तर साखर वाढवून १०४-१०५ अंशांपर्यंत न्या, पण मग तो जॅमच. मी साखर कमीच ठेवते, त्यामुळे बरणी फ्रीजमध्ये. आणि ब्रेडला आधी लोणी लावा हो, दोन्ही स्लाइसना, कडेपर्यंत.

मूळ लेखिका:
सोऱ्याचं ऐकून पोटात गोळाच आला. बरणी आत्ताच रिकामी केली. कांदे सालासकट भाजायचे ना?

प्रतिसाद:
सालासकट. वरून काळे ठिक्कर होऊ द्या, आत मऊ झाले की साल आपोआप सुटते.