काळजी म्हणजे नुसता खर्च नव्हे

"जनावरांची काळजी घेत बसलं की मांस महागतं," असं कुणीतरी लिहिलंय. अर्धवट आहे ते. आमच्या खानापूरकडं (बेळगाव जिल्हा) कर्नाटकच्या २०२० च्या गोहत्याबंदी कायद्यानंतर कापण्याचा प्रश्न उरला तो म्हशींचाच, त्याही १३ वर्षांवरच्या, कापायला परवानगीचा दाखला घेऊन. अशी थकलेली म्हैस टेम्पोत कोंबून, पाण्याविना तासन्‌तास नेली की स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आधीच संपतं. मग कापल्यावर त्यातून लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होत नाही, पीएच (आंबटपणाचं माप, आम्ल वाढलं की ते उतरतं) साडेपाचपर्यंत उतरत नाही; मांस काळपट, चिकट राहतं, लवकर नासतं. नासलं की तिच्यावर घातलेली वैरण-पाणीही वाया (दूध दिलं तिनं, ते वेगळं). वाहन नियमात एका म्हशीला २ चौरस मीटर जागा सांगितलीय. टेम्पोवाले त्यावर हसतात. चढवण्याआधी पाणी आणि उतरवल्यावर विसावा, एवढ्याला असा कितीसा खर्च येतो?