बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन व्हायला विचारलंय, हो म्हणू का?

नगरी_टेक्सासवाला

सलाम सगळ्यांना. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मी नगरचा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं), घराणं पिढ्यान्‌पिढ्या मिशनचं आणि आता सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). लहानपणी पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घातलं, मोठेपणी दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी) झालं, सगळं रीतसर. इकडे टेक्सासमध्ये आल्यावर घराजवळ सदर्न बॅप्टिस्ट चर्च होतं, पोरांना तिथलं संडे स्कूल आवडलं म्हणून आम्ही जायला लागलो ते तिथलेच झालो. मेंबर व्हायचं तर पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घ्यायला लागतो, तो घेतला, त्यावर आईने फोनवर "मग आधीचा काय खोटा होता का रे?" पासून सुरू करून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ते आता निवळलंय.

नवीन भानगड अशी की डीकनांचा (चर्चच्या सेवेसाठी मंडळीतूनच निवडलेल्या लोकांचा) जो चेअरमन आहे तो परवा उपासनेनंतर बाजूला घेऊन म्हणाला, तुझं नाव सुचवायचा विचार आहे, प्रार्थना कर आणि सांग. मला आनंद व्हायच्या ऐवजी धसकाच बसला. एक तर इथल्या बिझनेस मीटिंगा बघून मला चर्चच्या कारभारात पडूच नये असं वाटतं. बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये जेवण होतं, कॅसरोलची भांडी आवरली की पाळक टेबलापाशी उभं राहून मीटिंग उघडतात, मग मोशन (ठराव), सेकंड (अनुमोदन), दुरुस्ती, हात वर करा. मागच्या वेळी पार्किंगला डांबर घालायचं का जुनी व्हॅन बदलायची यावर रविवारी एकाच बाकावर बसणारे दोन म्हातारे एकमेकांना "पॉइंट ऑफ ऑर्डर" करत बसले आणि पोरं झोपून गेली. आपल्याकडे बिशप पाळक पाठवतात, बदली करतात, आपण चार दिवस कुरकुरतो आणि विषय संपतो. इथे पाळकसुद्धा लोकच ठरवतात, कमिटी उमेदवार आणते, तो एक रविवार उपदेश करतो आणि मग चिठ्ठ्या टाकतात. देवाच्या घरात ग्रामपंचायत कशाला असं वाटतं कधीकधी.

दुसरं म्हणजे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं चर्च कव्हेनंट (मेंबरांनी पाळायचा करार), त्यात दारूला स्पष्ट नाही म्हटलंय, आणि मी मॅच बघताना एखादी बिअर घेतो, खोटं कशाला बोलू. मेंबर होताना त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, डीकनला मात्र विचारतात म्हणे. आणि तिसरं, जे बायकोशिवाय कुणाला बोललो नाही, ते असं की अख्ख्या चर्चमध्ये सावळे आम्हीच, तर वेबसाइटवरच्या फोटोत बरं दिसतं म्हणून तर नाही ना घेत मला? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मेघना_अटलांटा

दादा, माझा नवरा इथे बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन आहे, तेव्हा घरातून सांगते. पहिली गोष्ट चेअरमनला सरळ विचारा की तुमच्याकडे डीकन करतात काय. कारण दोन प्रकार असतात. काही चर्चमध्ये डीकन म्हणजे कंपनीचं संचालक मंडळ, बजेट, नेमणुका, पाळकाचा पगार, सगळं त्यांच्या हातात आणि पाळक त्यांना दबून. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक डीकनला कुटुंबांची यादी देतात. आमच्याकडे दुसरा प्रकार आहे, आणि यादीत जास्त करून विधवा बायका आणि एकटे म्हातारे. म्हणजे रात्री फोन येतो की हीटर बंद पडलाय, किंवा हॉस्पिटलमध्ये सोबत कुणी नाही, किंवा कुणाचं लाइट बिल थकलंय आणि मदत फंडातून द्यायचं आहे पण शेजाऱ्याला कळता कामा नये. प्रभुभोजनाच्या रविवारी ते छोट्या छोट्या कपांचे ट्रे घेऊन रांगांमधून फिरतात ना, लोकांना वाटतं तेवढंच काम. ते सगळ्यात सोपं.

फोटोवाल्या शंकेबद्दल. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय परत वाचा. भांडण काय होतं? ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जात होतं. मग जे सात जण निवडले त्यांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, पुढे शेवटचा अंत्युखियाचा नीकलाव, सगळी ग्रीक नावं. म्हणजे तक्रार ज्यांची होती बहुतेक त्यांच्यातलेच लोक घेतले आणि अख्ख्या वाटपाची जबाबदारी त्यांच्या हातात दिली. तेव्हा बाहेरचा म्हणून घेतलं असेल तर वाईट नाही, फक्त हातात काम देतायत का नुसता फोटोत उभा करतायत ते बघा, बजेटच्या मीटिंगला बोलावतात का, यादी देतात का, त्यावरून लगेच कळतं.

आणि मीटिंगांवर एक गंमत, ते सगळं मोशन-सेकंड ज्या पुस्तकातून येतं त्या रॉबर्ट्स रूल्सची सुरुवातच चर्चमधल्या गोंधळातून झाली. हेन्री रॉबर्ट हा लष्करातला इंजिनिअर, १८६३ मध्ये न्यू बेडफर्डला एका बॅप्टिस्ट चर्चमधल्या सभेला त्याला अध्यक्ष केलं आणि सभा त्याच्या हातातून पार सुटली. त्यातून त्याने अभ्यास सुरू केला आणि १८७६ ला पुस्तक आलं. म्हणजे तुमचे ते दोन म्हातारे परंपरा पाळतायत असं समजा 😄

नागपूरचे_काका

बाळा, देवाच्या घरात ग्रामपंचायत हे वाचून हसू आलं, कारण तू नगरचा असून हे म्हणतोस. नगरला मिशन कुणी आणलं? अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने, १८३१ मध्ये, म्हणजे अमेरिकन मराठी मिशन, आणि ते होते काँग्रिगेशनल. त्यांच्यात बिशप ही भानगडच नव्हती, मंडळी आपला कारभार आपणच करायची, पाळकसुद्धा मंडळीच बोलवायची. बाळांचा बाप्तिस्मा सोडला तर कारभाराच्या बाबतीत ते आणि बॅप्टिस्ट सख्खे भाऊ. पुढे १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन (हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ) एक झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला इथे आमच्या नागपुरात सीएनआय झालं तेव्हा बिशप तुमच्या घरात आले. तुझ्या पणजोबांनी पाळकासाठी हात वर केलेला असू शकतो, तू बिशपांची सवय लागलेल्या काळात जन्मलास इतकंच.

आईला एक सांग. त्या सीएनआयमध्ये उत्तर भारतातले बॅप्टिस्टही सामील झाले, म्हणून आपल्या चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य आहेत. एकाला दोनदा देणं मात्र सीएनआयला मान्य नाही, तेव्हा तिचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. सुनेकडून फोन करव, तिच्याशी नीट बोलेल.

मतदान वाईट नसतं रे. बिशपांनी पाठवलेल्या पाळकाबद्दल पाठीमागे कुजबुजणारी मंडळी मी आयुष्यभर पाहिली. समोर हात वर करून नाही म्हणणं त्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त मत हरल्यावर माणूस पुढच्या रविवारी त्याच बाकावर येऊन बसतो का ते बघायचं. तुझे डांबरवाले आले का?

कोहिमा_रिटर्न

बँकेच्या नोकरीत काही काळ नागालँडला होतो, मी स्वतः ख्रिस्ती नाही पण बॅप्टिस्ट समाज म्हणजे काय ते तिथे बघितलं म्हणून लिहितो. अमेरिकन बॅप्टिस्टांचं काम तिथे १८७२ पासूनचं, आणि आज गावात चर्चचा शब्द म्हणजे शब्द. दारूबंदीचा कायदा १९८९ चा, तो यायला चर्चचाच रेटा होता. आता कायदा असून दारू मिळायची हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि त्यामुळेच लोक चर्चच्या पुढाऱ्यांकडे जास्त बारीक नजरेने बघायचे. बाकीचे पितात ते पितात, पण डीकन प्याला तर अख्ख्या गावात चर्चा. निवडणुकीत मतासाठी पैसे घेऊ नका अशी मोहीमही तिथली बॅप्टिस्ट चर्च कौन्सिल चालवायची, तिथेही तेच, डीकनच्या घरी पाकीट गेलं का हे आधी विचारलं जायचं.

तेव्हा माझं मत, बिअर सोडणार असाल तरच हो म्हणा. कागदावर सही एक आणि फ्रिजमध्ये दुसरं असं करू नका.

नगरी_टेक्सासवाला

@काका, हे नगरचं मला खरंच माहीत नव्हतं, आणि हो, डांबरवाले दोघेही रविवारी आले, त्याच बाकावर, एकाने दुसऱ्याला पेपरमिंट दिली. डांबर जिंकलं.

@कोहिमा, बिअर सोडणं जड नाही, खरंच. मला त्रास होतो तो याचा की बायबलमध्ये तर दारूच्या आहारी गेलेला नसावा एवढंच आहे, मग यांनी पूर्ण बंदी कुठून आणली?

बेथेल_पुणे

ती कुठून आली ते सांगतो. तुमच्या भिंतीवरचं कव्हेनंट बहुतेक जे. न्यूटन ब्राउनचं असणार, १८५३ चं. अमेरिकेतल्या शेकडो बॅप्टिस्ट चर्चमध्ये तेच आहे, जुन्या गीतपुस्तकांत चिकटवलेलं सापडतं. तो काळ दारूबंदी चळवळीचा, आणि तेव्हाच्या दारूने घरं कशी उद्ध्वस्त केली होती ते बघितलं तर त्यांचा कडकपणा समजतो. बायबलपेक्षा एक पाऊल पुढे गेले हे खरं, पण एखाद्या मंडळीने आपसात ठरवलेला नियम म्हणून तो पाळायला काय हरकत आहे? पटत नसेल तर बिझनेस मीटिंगमध्ये बदलायची मोशन आणा, बॅप्टिस्ट चर्च आहे, तुम्हाला तो हक्क आहे. लपूनछपून पिणं हा तिसरा मार्ग नाही, इथे कोहिमावाल्यांशी सहमत.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. रविवारी जाऊन ते कव्हेनंट पुन्हा वाचा. दारूच्या कलमाच्या अगदी लगेच आधी, त्याच वाक्यात, चहाड्या, पाठीमागे निंदा आणि अतिराग टाळू असं वचन आहे. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही डीकनबद्दल दुतोंडी नसावा हे आधी येतं, दारू नंतर, पैशाचा लोभ त्यानंतर. आणि आजवर मी दारूवरून डीकनपद गेलेलं पाहिलंय, जिभेवरून गेलेलं एकदाही नाही. आमच्या मंडळीत शुक्रवारच्या प्रार्थनासभेत एक बंधू डोळे मिटून, अगदी कळवळून म्हणायचे, "प्रभू, त्या अमुक बहिणीच्या घरात जे चाललंय ते तुला माहीत आहे", आणि आमेनच्या आधी ते बाकी वीस जणांनाही माहीत झालेलं असायचं. त्यांच्या हातात मदत फंडाची वही होती. कुणाचं भाडं थकलंय, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, सगळं त्या वहीत. शेवटी दोन कुटुंबांनी मदत मागायचंच बंद केलं आणि एक घर चर्च सोडून गेलं. ते बंधू दारूला आयुष्यात शिवले नाहीत.

मेघनाताईंनी सांगितलं ना, शेजाऱ्याला कळता कामा नये, डीकनचं अर्धं काम तेच आहे. तुमच्या चेअरमनने तुमच्यात काय बघितलं ते मला माहीत नाही, पण आईने फोनवर काय ऐकवलं ते तुम्ही इथे लिहिलं नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलं.

मेघना_अटलांटा

बेथेल 👌 ते प्रार्थनेतून बातम्या देणं इथेही जोरात असतं, प्रेअर रिक्वेस्ट म्हणून ईमेलच फिरते.

दादा, अजून एक व्यवहाराचं. हो म्हणायच्या आधी वहिनींना विचारा, नुसतं सांगू नका. हात ठेवून नेमणूक करायच्या आधी डीकन आणि पाळक बसून प्रश्न विचारतात, तारण कसं झालं, शास्त्राबद्दल काय मानता, घर कसं चालतं, आणि आमच्याकडे बायकोलाही बोलावलं होतं. मला विचारलं होतं, हा घरी चिडतो का? मी म्हटलं कारमध्ये चिडतो. आणि तीन वर्षांची टर्म असते का कायमचं असतं तेही विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी आता टर्म संपली की एक वर्ष सक्तीची विश्रांती देतात.

नगरी_टेक्सासवाला

बायको मागून वाचतेय, म्हणतेय मलाही कारबद्दलच सांगावं लागेल. शनिवारी चेअरमनला कॉफीला बोलावलंय, यादी आणि फंडाची वही कशी ठेवतात ते आधी विचारतो. आईलाही फोन लावतो, काकांचं १९७० चं सांगून बघतो, चालतंय का.