कॉफी चिकमगळूरची, मग भाव ब्राझीलच्या पावसावर का?

फिल्टरवाला:
मंडळी एक शंका. माटुंग्याला नेहमीच्या दुकानातून पावडर दळून घेतो, पण भाव असा चढलाय की आता त्यात मिसळायची स्वस्त चिकोरी वाढवून घ्यावी असं वाटायला लागलंय. मालकाला विचारलं तर म्हणे साहेब ब्राझीलला पाऊस नाही झाला. अहो पण बी तर चिकमगळूरचं ना?? की नुसतं गिऱ्हाइकाला गुंडाळायचं काम चाललंय?

वायदेबुवा:
गुंडाळत नाहीये बिचारा. जगातली साधारण एक तृतीयांश कॉफी एकटा ब्राझील पिकवतो, आणि कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाचा भाव ठरतो न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या मालाचे सौदे आधीच होतात तिथे, रोबस्टाचा लंडनला. चिकमगळूरचे मळेवालेही तेच आकडे मोबाईलवर बघून व्यापाऱ्याशी बोलतात, आपली निम्म्याहून जास्त कॉफी बाहेरच जाते, मग तिकडे पैसा मिळत असताना तुम्हाला स्वस्तात कोण देणार? 2024 ला ब्राझीलमध्ये मोठा दुष्काळ पडला, डिसेंबरात अरेबिकाने 1977 चा उच्चांक मोडला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पाउंडाला 4 डॉलरच्या वर गेली.

कट्ट्यावरचा:
1977 ला काय झालं होतं?

साओपावलोकर:
मूळ जुलै 1975 चं. तिकडे जुलै म्हणजे ऐन थंडी. पराना राज्यात, तेव्हा कॉफीत हेच राज्य पुढे होतं, एका रात्रीत कडाक्याच्या थंडीने झाडं काळी पडली, आणि नवीन झाड धरायला तीनेक वर्षं लागतात, त्यामुळे बाजार पेटला. पुष्कळांनी परत कॉफी लावलीच नाही, सोयाबीनकडे वळले, आणि कॉफी सरकली उत्तरेला मिनास जेराईसमध्ये.
आता तिथे सगळा खेळ फुलोऱ्याचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिला चांगला पाऊस झाला की थोड्या दिवसांत अख्खा मळा पांढराशुभ्र, वास नुसता घमघमतो, आणि दोन-तीन दिवसांत फुलं गळून जातात. पुढे पाऊस टिकला तर फळ धरतं, ऊन तापलं तर बोंबला. त्यात अरेबिका आपल्या आंब्यासारखी, एक साल भरघोस, दुसऱ्या साली हात आखडता. मे पासून तोडणी, मग बराचसा माल अख्खं फळच सिमेंटच्या खळ्यावर पसरून सुकवतात, दिवसातून कितीदा तरी परतत राहायचं, नाहीतर आंबतो. तिथून सांतोस बंदर. हिशेब सगळा 60 किलोच्या गोणीत, टनात फारसं कोणी बोलत नाही.

वायदेबुवा:
आणि नुसता पाऊसच नाही हं. ऑगस्ट 2025 ला अमेरिकेने ब्राझीलच्या बऱ्याच मालावर 50 टक्के आयात शुल्क लावलं, नोव्हेंबरात कॉफीसकट काही मालावरचं मागे घेतलं, तेव्हाही भाव वरखाली झालेच की.

फिल्टरवाला:
बरं मग तिकडे पाऊस चांगला झाला की माटुंग्यात उतरेल का?

वायदेबुवा:
बाजारात उतरेल, दुकानात उशिरा. चढत्या भावाने भरलेला माल आधी तुमच्याच गळ्यात मारणार ना तो 😄

फिल्टरवाला:
म्हणजे तोवर चिकोरीच. बायकोला सांगत नाही.