इस्राएलाने राजा मागितला तो निव्वळ अविश्वास होता?

जुनाकरार: काल एका बंधूंनी लिहिलं, 'राजा मागणाऱ्यांनी देवाला सोडून माणसावर भरवसा ठेवला, विषय संपला.' कसा संपला? बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा अध्याय ८ वाचा. रामा इथं आलेल्या वडीलजनांची पहिली तक्रार इस्राएलाचा न्यायाधीश आणि संदेष्टा शमुवेल याच्या मुलांबद्दल होती. योएल आणि अबीया बैर-शेब्यात न्याय करायला बसून लाच खात होते. नाडल्या गेलेल्या माणसानं नुसता भरवसा ठेवत बसायचं? शिवाय डोक्यावर पलिष्टी, शेजारचे शत्रू लोक. अध्याय १३ सांगतो, देशात लोहार नव्हता, नांगराच्या फाळाला धार लावायलाही शत्रूच्या दारात जावं लागे.

पेरणारा: तो बंधू मीच. अध्याय ८ मधलं ७ वं वचन का गाळलंत? 'त्यांनी तुला नाही, मला नाकारलं आहे,' असं देव शमुवेलाला म्हणतो. आदल्याच अध्यायात मिस्पा इथं देवाच्या गडगडाटानं पलिष्टी पळाले होते, तेव्हा कुठला राजा होता? यांना 'इतर राष्ट्रांसारखं' व्हायचं होतं. राजा तुमची मुलं रथांपुढे पळवील, धान्याचा दशांश घेईल, हे शमुवेलानं बजावलं होतं. पुढं शलमोन राजानं ३०,००० माणसं वेठीला धरलीच.

नगरची_लेक: त्या मुलांना नेमलं कोणी? शमुवेलानंच! एली याजकाच्या घरात वाढला, त्याच्या हफनी-फिनहास या मुलांचे प्रताप पाहिले, तरी मुलांनाच गादी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकांनंतर त्यांचा मुलगा आला. बाबांनी इमारत निधीचा हिशेब मागितला तर उत्तर मिळालं, 'देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे त्यानं नेमलेल्याला, हात लावू नका.' बाबा वडीलमंडळातून बाहेर पडले ते कायमचे.

पेरणारा: ताई, विषय राजाचा आहे, तुमच्या मंडळीचा नाही. आणि ते वचन शास्त्रातलंच आहे.

नगरची_लेक: मग पूर्ण वाचा! दाविदानं पहिला राजा शौल याच्यावर हात टाकला नाही, पण झग्याचा कापलेला काठ दाखवून त्याला तोंडावर जाब विचारला. शमुवेलही अध्याय १२ मध्ये सगळ्यांपुढे उभा राहून विचारतो, 'मी कोणाचा बैल घेतला?' हिशेब विचारणाऱ्याला अविश्वासू ठरवू नका. आमच्या घरानं ते भोगलंय.

पेरणारा: बरं, हिशेबाचं मान्य. तुमच्या वडिलांना तसं बोलायला नको होतं. पण म्हणून ७ वं वचन पुसलं जात नाही. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात १३:११ बघा, देवानं रागानं राजा दिला.

जुनाकरार: आणि १ शमुवेल ९:१६? 'माझ्या लोकांची ओरड माझ्यापर्यंत आली आहे' म्हणून पलिष्ट्यांपासून सोडवायला देवच शौलाला पाठवतो. मोशेच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अध्याय १७ मध्ये राजासाठी नियमही आधीच दिलेत : घोडे, बायका, सोनं वाढवायचं नाही. राजा मुळातच पाप असता तर नियम कशाला?

पेरणारा: परवानगी होती, एवढं मानतो. पण मागितलं ते मन चुकीचं होतं. शौल शेवटी गिलबोवा डोंगरावर त्याच पलिष्ट्यांपुढे पडला.

नगरची_लेक: मन चुकीचं असेल. लाच खरी होती, त्याचं काय?