मदत हवी आहे: सल्फ्युरिक आम्लाच्या विरलनाचं गणित थर्मामीटरशी जुळेना

जाणकारांनो, ५० मिली संहत सल्फ्युरिक आम्ल (९८ टक्के) ४५० मिली पाण्यात सोडलं. पाण्यात आम्ल, उलटं नाही, तेवढं कळतं! धार बारीक होती, तरी आम्ल पाकासारखं तळाशी उतरताना दिसत होतं. वर थर्मामीटर ३१ दाखवतोय आणि बीकरच्या बुडाला बाहेरून बोट टेकवलं तर चटका. ढवळल्यावर तापमान २६ वरून ५३ वर गेलं. म्हणजे वाढ २७.

माझा हिशेब: घनता १.८४, म्हणून आम्ल ९० ग्रॅम, ०.९२ मोल. तक्त्यात मोलला ९५ किलोज्यूल, एकूण ८७. द्रावण ५४२ ग्रॅम, उष्माधारकता पाण्याची ४.१८. वाढ यायला हवी ३८-३९. बाकीचे अंश गेले कुठे?

आणि हायड्रोक्लोरिक तेवढंच घेतलं तर जेमतेम ४ अंश. ते का?

प्रतिसाद:
९५ हा अनंत विरलनाचा आकडा, अफाट पाणी मिळालं तरचा. तुमच्याकडे मोलमागे पाणी २७ मोलच, तिथे ७२-७३ धरा. आम्लाचा पहिला प्रोटॉन लगेच सुटतो, दुसऱ्याला मात्र बायसल्फेट (पहिला प्रोटॉन सुटल्यावर उरणारा आयन) धरून बसतं. तो सुटताना निघणारी २०-२२ किलोज्यूल तुम्हाला मिळालीच नाही. बाटलीतल्या २ टक्के पाण्यानेही ३-४ किलोज्यूल आधीच खाल्लीत. मोलमागे उरली ६९, म्हणजे तुमच्या ०.९२ मोलला ६३. शिवाय १७ टक्के द्रावणाची उष्माधारकता ३.६ च्या आसपास असते. वाढ ३२ येते, त्यातून काच वजा करा.

खरी उष्णता पहिल्या पाण्यातच निघते: मोलभर आम्लाला १ मोल पाणी दिलं की २८ किलोज्यूल, २ मोल दिलं की ४२. म्हणून तर आम्लावर पाणी ओतलं की वर तरंगणारा पातळ थर उकळून उडतो.

हायड्रोक्लोरिकचं सोपं आहे. बाटलीत ३७ टक्के हायड्रोजन क्लोराइड वायू आधीच पाण्यात विरघळलेला. मोलच्या ७५ किलोज्यूलपैकी बहुतेक तो विरघळतानाच निघून गेलीत.

मूळ प्रश्नकर्ता:
बीकर तोलला, ३१० ग्रॅम. काचेची ०.८ धरून वाढ २८.६ येते. उरलेला दीड अंश ढवळताना हवेत गेला असणार.