सत्याग्रह आणि कायदेभंग: एकच का?

रत्नागिरीहून: मुलीने निबंधात ‘महाडचा सविनय कायदेभंग’ लिहिलं. बाईंनी ‘कायदेभंग’ खोडून ‘सत्याग्रह’ केलं. एकच ना दोन्ही?

महाडहून: बाईंचं बरोबर आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता, त्याला धरून महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं होतं. कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले. मागून सगळे प्यायले. यात कायदा कुठला मोडला? मोडली ती रूढी. डिसेंबरात महाडला परिषद भरवून परत तळ्यावर जायचं ठरलं, तोवर कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम येऊन पडला. तो मोडला असता तर तुमच्या मुलीचं वाक्य बरोबर ठरलं असतं. परिषदेने तो पाळला आणि खटला लढवला. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली बाजूने लागला.

वेंगुर्ल्याहून: आमचा शिरोडा मात्र सरळसरळ कायदेभंग. मे १९३० मध्ये मिठागरातलं मीठ उचललं, की झाला मिठाचा कायदा मोडून. वर लाठी खायची आणि पकडून न्यायला आले की चुपचाप जायचं. ‘सविनय’ ते हेच. तरी जुनी माणसां ‘मिठाचो सत्याग्रह’च म्हणतत, ‘कायदेभंग’ फक्त पुस्तकात.

रत्नागिरीहून: म्हणजे प्रत्येक सविनय कायदेभंग सत्याग्रहात बसतो, पण उलट नाही?

महाडहून: बरोब्बर. आणि ‘कायदा हातात घेणे’ त्यात मिसळू नका. कायदा हातात घेणारा दुसऱ्याला शिक्षा करतो, सत्याग्रही स्वतः भोगतो. बातम्यांत दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, वैताग येतो.

अलिबागहून: आमचं चरी गाव कुठल्या खणात टाकता? १९३३ पासून सहा वर्षं कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्याच नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी. लाकूडफाटा विकून घरं चालवली. कायदा मोडला नाही, हात लावायचं तेवढं बंद केलं. आमच्याकडे त्याला शेतकऱ्यांचा ‘संप’ म्हणतात. मला तो असहकार वाटतो.

महाडहून: असहकारच. पण ‘चरीचा संप’ रूढ झालाय, तो बदलायला जाऊ नये.

वेंगुर्ल्याहून: हल्ली पेपरात ‘सत्याग्रहाला बसले’ असतं. उपोषणाला बसतात, धरण्याला बसतात. शिरोड्याला बसलं कोण होतं?