मदत हवी आहे: नॉर्मल फोर्स (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो ते बल) दर वेळी एमजी, म्हणजे वजनाइतका, का येत नाही?

१० किलोचं खोकं, आडवी फरशी. दोरीने ४० न्यूटन बल लावून ओढायचं आहे, दोरी जमिनीपासून ३० अंश वर. घर्षण गुणांक (म्यू) ०.३ (स्थितिक, म्हणजे वस्तू स्थिर असतानाचा, आणि गतिज, म्हणजे सरकतानाचा, एकच धरा), गुरुत्वत्वरण जी = ९.८. नॉर्मल ९८ न्यूटन, म्हणून घर्षण २९.४, त्वरण ०.५२ आलं. उत्तरसूचीत १.१२ आहे. चूक कुठे? आणि वजन नि नॉर्मल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, मग ती समान नकोत का?

प्रतिसाद १
चूक पहिल्याच पायरीला. फ्री बॉडी डायग्राम (खोक्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढा: वजन ९८ खाली, नॉर्मल वर, आणि दोरीचा उभा घटक ४० × साइन ३० = २० न्यूटन, तोही वर. उभ्या दिशेत त्वरण शून्य, म्हणून नॉर्मल = ९८ − २० = ७८. घर्षण २३.४. आडवा घटक ३४.६४, उरले ११.२४, भागिले १० म्हणजे १.१२.

नॉर्मलला स्वतःचं सूत्र नसतं. खोकं फरशीत घुसू नये म्हणून लागेल तेवढंच बल फरशी देते; ते दर वेळी समीकरणातूनच काढायचं.

प्रतिसाद २
जोडीबद्दल: क्रिया-प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर नसतात. वजनाची जोडी म्हणजे खोकं पृथ्वीला वर ओढतं ते बल. नॉर्मलची जोडी म्हणजे खोक्याने फरशीवर दिलेला दाब. वजन नि नॉर्मल दोन्ही खोक्यावरच, त्यामुळे ती समान आली तर ते न्यूटनच्या दुसऱ्या नियमामुळे (बल = वस्तुमान × त्वरण), तिसऱ्यामुळे (क्रिया-प्रतिक्रिया) नव्हे. हा घोळ भल्याभल्यांचा होतो.

आता तेच ४० न्यूटन मागून, ३० अंश खाली झुकवून ढकलून बघा. नॉर्मल ११८, घर्षणाची कमाल ३५.४, आडवा घटक ३४.६४. स्थिर खोकं हलतच नाही! इथे घर्षण ३५.४ लिहू नका, ते ३४.६४ एवढंच आहे. म्यू × नॉर्मल ही स्थितिक घर्षणाची मर्यादा, दर वेळचं मूल्य नाही.

प्रश्नकर्ता
कळलं. मग ओढायचं बल वाढवत नेलं तर नॉर्मल उणे येईल?

प्रतिसाद १
नाही. याच कोनात १९६ न्यूटनला नॉर्मल शून्य होतो. त्यापुढे गणितात उणे आकडा आला, तर खोकं फरशीवरून उचललं गेलंय असं समजा. फरशी फक्त ढकलते, ओढत नाही. तिथून पुढे नॉर्मल शून्य धरा आणि उभ्या दिशेचं त्वरण नव्याने काढा.